स्पीड कॅमेऱ्याला गंडवता येतं का? हेअरस्प्रे, सीडी आणि एक्सप्रेसवेची चलनं

घाटवाट:
सोसायटीच्या ग्रुपवर परत तोच मेसेज फिरतोय. नंबर प्लेटवर हेअरस्प्रे मारा, गाडीत सीडी लटकवा, कॅमेरा आला की ब्रेक मारा आणि पुढे परत पळवा, मुंबई-पुणे चलन झिरो. जुलै 2024 मध्ये एक्सप्रेसवेवर आयटीएमएसचे (वाहतुकीवर नजर ठेवणाऱ्या यंत्रणेचे) कॅमेरे सुरू झाले तेव्हापासून हे फारच वाढलंय आणि चांगली शिकलेली माणसं करतायत म्हणून लिहितोय.

हेअरस्प्रेने म्हणे प्लेट इतकी चमकते की फोटो पांढरा पडतो. अहो पण प्लेट मुळातच चमकावी म्हणून बनवलेली असते! तिच्यावरची फिल्म उजेड जिकडून आला तिकडेच परत पाठवते आणि असे कॅमेरे बहुतेक इन्फ्रारेड उजेडात नंबर वाचतात, त्यात पाटी पांढरी नि अक्षरं काळी हेच तर त्यांना हवं असतं. स्प्रेमुळे वर धूळ चिकटेल, बाकी काही नाही. सीडीचं म्हणाल तर ती आरशासारखी एका कोनात उजेड फेकते, कॅमेरा वर कमानीवर असतो, त्याच्या डोळ्यात तो कोन नेमका बसणार कसा? आणि रडार असेल तर त्याला अख्ख्या गाडीचा पत्रा समोर आहे, सीडीने काय अडणार.

ब्रेकवाली युक्ती तर सगळ्यात फोल. एका कमानीपासून दुसरीपर्यंत किती वेळ लागला त्यावरून कॅमेरे सरासरी वेग काढतात. दोन कमानींमध्ये 10 किमी धरा. 100 च्या स्पीडने 6 मिनिटं लागतात. तुम्ही 5 मिनिटांत पोचलात म्हणजे सरासरी 120 झाली, कमानीखाली 80 ने गेलात तरी. वर अचानक ब्रेक मारल्याने मागचा येऊन ठोकतो ते वेगळंच.

सह्याद्री_रायडर:
थिअरी ठीक आहे पण माझा मित्र सीडी लावून फिरतो, दर वीकेंडला लोणावळा, एकही चलन नाही आलं. काट्यावर 110 च्या खाली येतच नाही तो. मग हे कसं काय ते सांगा.

घाटवाट:
@सह्याद्री_रायडर सीडी नसती तरी कदाचित आलं नसतं भाऊ. स्पीडोमीटरचा नियमच असा आहे की खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवायचा नाही, म्हणून कंपन्या तो थोडा चढाच ठेवतात. काट्यावर 110 दिसत असेल तर खरा वेग 100 च्या आसपास असू शकतो. शिवाय प्रत्येक कॅमेरा प्रत्येक क्षणी चालू असतोच असं नाही. माणूस सुटतो आणि श्रेय सीडीला देतो, ज्यांनी सीडी लावूनही चलन भरलं ते ग्रुपवर सांगायला येत नाहीत.

केतकी_पुणे:
एक युक्ती खरी चालते हं, खोटं कशाला बोला. आधी सुसाट जायचं आणि मग फूडमॉलला वडापाव खात बसायचं, सरासरी आपोआप खाली. पण काही कॅमेरे तिथल्या तिथे पण वेग मोजतात त्यामुळे भरवसा नाही. आणि थांबायचंच होतं तर आधी पळवली कशाला हा प्रश्न आहेच 🙏

मुद्देसूद:
तुमचं सगळं विज्ञान मान्य, तरी मी विरोधात आहे. लोक युक्त्या का शोधतात ते बघा ना. समृद्धीवर कारला 120, एक्सप्रेसवेवर 100, आणि घाट लागला की एकदम 60. मोकळा सहा पदरी रस्ता समोर असताना 60 ने उतरायचं, मागून बस हेडलाइट मारत अंगावर येते, पुढे उजव्या लेनमध्ये ट्रक रांगतायत, त्यांना कोण विचारतो? कारला 2000 पर्यंत दंड आणि ज्या लेन कटिंगमुळे खरी माणसं मरतात ते चालूच. ही वसुली वाटते लोकांना, आणि जिथे वसुली वाटते तिथे पळवाट शोधली जाणारच.

बाप्पू_ट्रान्सपोर्ट:
मुद्देसूद साहेब, आमचा धंदा गाड्यांचा आहे म्हणून बोलतो. उजव्या लेनमधल्या ट्रकचं तुम्ही बोललात ते बरोबर, आमच्या ड्रायव्हर लोकांनी ती लेन सोडलीच पाहिजे, आणि लेनचा फोटो हेच कॅमेरे काढतात. पण घाटातला 60 वसुलीसाठी नाय. लोड गाडी उतरताना ब्रेक तापले की पाय दाबून काय उपयोग होत नाय, तेव्हा पुढचा कारवाला किती वेगात आहे यावर सगळं अवलंबून असतं. तुम्ही 100 ने येऊन वळणावर एकदम ब्रेक मारला तर मी 20 टनाची गाडी कुठं नेऊ? आणि 120 चा धक्का 100 पेक्षा वीस टक्के जास्त नसतो, जवळजवळ दीडपट असतो, वेगाचा वर्ग होतो त्यात.

मुद्देसूद:
@बाप्पू घाटाचं पटलं. पण 100 वरून 60 चा बोर्ड बराच आधी, टप्प्याटप्प्याने हवा, 80 मग 60. हे मागणं चूक आहे का?

बाप्पू_ट्रान्सपोर्ट:
अजिबात चूक नाय. आमचीबी तीच मागणी.

सुगरण_नाशिक:
मला एका गोष्टीचा फार राग येतो, ती इथे कोणी बोललंच नाही. नंबरवर टेप लावणारे, 3 चा 8 करणारे. आमच्या स्कूटीच्या नंबरवर एक्सप्रेसवेचं चलन आलं, जिथे टू व्हीलरला बंदीच आहे! फोटोत कुठलीतरी पांढरी एसयूव्ही. फोटो होता म्हणून महाट्रॅफिक ॲपवर तक्रार करता आली, नाहीतर कुणाला पटवून देणार होते मी? कॅमेऱ्याला गंडवलं म्हणून जो मिरवतो ना, त्याचा दंड असा दुसऱ्याच्या दारात येऊन पडतो. ही चलाखी नाही, चोरी आहे.

सह्याद्री_रायडर:
हे मात्र चुकीचंच आहे ताई. नंबर खोटा करणाऱ्याची बाजू मी कधीच घेणार नाही. सीडीने कुणाचं नुकसान होत नाही एवढंच माझं म्हणणं.

घाटवाट:
सीडीने नुकसान होत नाही, सीडीवर विश्वास ठेवून 130 मारल्याने होतं.
@मुद्देसूद, सरकारशी भांडायचंच असेल तर त्यासाठी कायदा आहे की. ऑगस्ट 2021 मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमात 167ए घातला. कॅमेऱ्याला मान्यतेचं प्रमाणपत्र हवं आणि ते दरवर्षी नवं करायचं, कॅमेरा असल्याचा बोर्ड आधी दिसला पाहिजे, नोटीस 15 दिवसांत पाठवली पाहिजे. बोर्ड नसेल, झाडामागे गेला असेल तर फोटो काढा, तारीख टाका, तक्रार करा. हेअरस्प्रेचे पैसे वाचतील.

केतकी_पुणे:
अख्खा 94 किमी 100 ऐवजी 120 ने मारला तरी वाचतात साडेनऊ मिनिटं, तीही घाट आणि टोल धरला नाही तर. टोलच्या रांगेतच जातात तेवढी.

मुद्देसूद:
167ए चं माहीत नव्हतं, वाचतो. बोर्डांचे फोटो कुणाकडे असतील तर इथेच टाका, पुण्याकडून येताना घाटाच्या अलीकडचे खास करून. एकत्र अर्ज करू, मी ड्राफ्ट लिहायला घेतो.

बाप्पू_ट्रान्सपोर्ट:
आमच्या दोन ड्रायव्हरना सांगतो, डॅशकॅम आहे त्यांच्याकडे. रात्रीचं पण फुटेज देतो, रात्री कुठला बोर्ड दिसतो नि कुठला नाय ते त्यातच कळेल.