मदत हवी आहे: ओम्नी कॅम्परच्या सायलेन्सरला पट्टी मारू की पाइपच बदलू?

नमस्कार मंडळी. माझी 2011 ची पेट्रोल ओम्नी आहे. मागच्या सीट काढून प्लायचा पलंग आणि खाली गॅसची शेगडी बसवलीय. राहायला ऐरोलीत, गाडी खाडीकडच्या उघड्या पार्किंगमध्ये. खारा वारा आणि पावसाळा, त्यामुळे खालचा पत्रा पार खाल्ला गेलाय.

गेल्या महिन्यात माळशेज चढताना फटफट आवाज सुरू झाला. वाकून पाहिलं तर सायलेन्सरच्या अलीकडे, जोडाजवळ, करंगळी जाईल एवढं भोक. तिथेच डब्याचा पत्रा गुंडाळून, दोन क्लॅम्प आवळून घरी आलो. आठ दिवसांत पट्टी सैल झाली, कडेने काळी काजळी दिसते.

तुर्भ्याचा एक मेकॅनिक म्हणतो, वरून पत्रा वेल्ड करू, काम तासाभराचं. पण नखाने खरवडलं तरी गंजाचे पापुद्रे निघतात. वेल्डिंग धरणार कशाला? दुसरा म्हणतो, मधला पाइप, सायलेन्सर, गॅस्केट आणि रबरी हँगर सगळं नवीन टाका.

मला खरी काळजी वेगळीच आहे. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली, त्यामुळे धुराचा पाइप अख्ख्या केबिनखालून जातो. धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि मुलगी मागे पलंगावर झोपून प्रवास करते.

कोणी जुन्या ओम्नीचा पाइप बदललाय का? ठाणे-नवी मुंबईत नीट काम करणारा सायलेन्सरवाला सुचवा. आणि वेल्डिंगच करायचं ठरलं तर ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) जळू नये म्हणून बॅटरीची वायर काढणं पुरेसं आहे का?