३१६ स्टेनलेसच्या स्लीव्हवरचं सिरॅमिक कोटिंग कडेने सुटतंय

वेर्णेकर_फिटर: खाऱ्या पाण्याच्या पंपाची ५० मिमी स्लीव्ह (शाफ्टवरची नळी), कोटिंग प्लाझ्मा स्प्रेने. ॲल्युमिना–१३ टक्के टायटानिया, जाडी ०.४ मिमी, बाँड कोट (सिरॅमिकखालचा धातूचा पकड थर) नाही. ५०० अँपिअर, आर्गॉन ४० लिटर, हायड्रोजन ८, गनचं अंतर १५० मिमी. ग्राइंडिंगला कडेचे पापुद्रे निघतात. करंट वाढवू का?

प्लाझ्मावाला: करंटला हात लावू नका, आधी अंतर ११० वर आणा. १५० ला कण वाटेतच थंडावतात. चपटे पसरण्याऐवजी गोळे राहतात, मग सच्छिद्रता वाढते. व्होल्टेजही बघा. त्याच करंट-गॅसवर ६५ चं ५८ झालं असेल तर नोझल झिजलंय, म्हणजे ३२.५ ऐवजी २९ किलोवॅटच मिळतात. हायड्रोजन वाढवून ते झाकू नका, नोझलच बदला.

सांतइनेजचा_सुरेश: खरं दुखणं बाँड कोटचं. ३१६ तापल्यावर ॲल्युमिनाच्या साधारण दुप्पट प्रसरण पावतं. निकेल-क्रोम ८०/२० चा ०.१ मिमी थर द्या, सिरॅमिक ०.२५ वर थांबवा. कडेला १ मिमी त्रिज्या हवीच. धारदार कडेवर कोटिंग टिकत नाही.

प्लाझ्मावाला: बरोबर. आणि पावसाळ्यात आपल्याकडची हवा म्हणजे ओला टॉवेल! पावडर १२० अंशांवर दोन तास सुकवा, नाहीतर फीडर धक्के देत चालतो. ब्लास्टिंगनंतर (कणांचा मारा करून पृष्ठभाग खरखरीत केल्यावर) दोन तासांत स्प्रे, स्प्रेच्या आधी स्लीव्हला १०० ते १२० अंश प्रीहीट.

वेर्णेकर_फिटर: छिद्रं बुजवायचं सीलर कधी?

सांतइनेजचा_सुरेश: ग्राइंडिंगच्या आधी, कोटिंग कोमट असताना, पातळ इपॉक्सी. सीलर नसेल तर क्लोराइड छिद्रांतून खाली उतरून स्टेनलेसला खातं. चाक डायमंडचंच, भरपूर कूलंट.