कीकॅडमध्ये आतला थर 'पॉवर प्लेन' केला, तरी तांबे का दिसत नाही?

प्रश्न

नमस्कार. मी कीकॅड या सर्किट बोर्ड आखण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये चार थरांचा बोर्ड आखत आहे. दुसरा थर ग्राउंडसाठी आणि तिसरा ३.३ व्होल्टसाठी ठेवायचा विचार असल्याने बोर्ड सेटअपमध्ये या दोन्ही थरांचा प्रकार 'सिग्नल' बदलून 'पॉवर प्लेन' केला. तरीही त्या थरांवर तांबे उमटत नाही आणि रॅट्सनेस्टच्या (अजून न जोडलेली टोके दाखवणाऱ्या) रेषा जशाच्या तशा राहतात. शिवाय एका कोपऱ्यात ५ व्होल्टवर चालणारे तीन-चार भाग आहेत. त्यांच्यासाठी तिसऱ्या थराचा तुकडा वेगळा काढावा, की ग्राउंडच्या थरात जागा करावी?

उत्तर १

थराचा प्रकार ही कीकॅडमध्ये जवळजवळ केवळ नोंद आहे. बाहेरच्या ऑटोराउटरकडे (ट्रॅक आपोआप आखणाऱ्या प्रोग्रॅमकडे) फाइल पाठवताना ती कामाला येते, पण तिच्यामुळे तांबे तयार होत नाही. तांब्यासाठी फिल्ड झोन, म्हणजे तांब्याने भरायचा भाग, काढावा लागतो. झोनचे साधन निवडून थर आणि नेट (एकमेकांना जोडायच्या टोकांचा गट) ठरवा, बोर्डाच्या कडेने बंद आकृती काढा आणि 'बी' ही कळ दाबा. आकृती कडेबाहेर थोडी गेली तरी चालते, कारण भरताना तांबे कडेपासून ठरलेले अंतर राखूनच थांबते.

एवढे करूनही काही रेषा उरतील. त्याच नेटचे छिद्र असलेले पॅड (भागाची टोके डाखायच्या जागा) आणि व्हाया (थर जोडणारी तांब्याची छिद्रे) आतल्या थराला आपोआप जोडले जातात. वरच्या थरावरचे एसएमडी पॅड (पृष्ठभागावरच बसणाऱ्या भागांचे) मात्र जोडले जात नाहीत. अशा प्रत्येक पॅडपासून छोटा ट्रॅक काढून त्याच नेटचा व्हाया द्यावा लागतो.

अल्टियम हे असेच दुसरे सॉफ्टवेअर वापरलेल्यांचा येथे हमखास गोंधळ होतो. तिथला आतला प्लेन निगेटिव्ह असतो, म्हणजे संपूर्ण थर तांब्याचा मानला जातो आणि आपण जी रेघ ओढतो तिथले तांबे निघून जाते. कीकॅडमध्ये जे दिसते तेच तांबे असते.

उत्तर २

ग्राउंडच्या थराला हात लावू नका. वेगवान सिग्नलचा परतीचा प्रवाह ट्रॅकच्या अगदी खालून वाहतो. तिथे फट आली की त्याला वळसा घालावा लागतो, प्रवाहाच्या वेटोळ्याचे क्षेत्रफळ वाढते आणि बोर्ड नको तितक्या विद्युतचुंबकीय लहरी उत्सर्जित करू लागतो.

तिसऱ्या थरात ५ व्होल्टचा झोन ३.३ व्होल्टच्या झोनवरच काढून त्याला वरचा प्राधान्यक्रम द्या, म्हणजे तो आधी भरला जाईल आणि दुसरा झोन त्याच्याभोवती अंतर सोडेल. मात्र चौथ्या थरावरचा एकही वेगवान ट्रॅक या फटीवरून नेऊ नये. माझ्या मते तीन-चार भागांसाठी एवढी खटपट नकोच. ३५ मायक्रॉन जाडीच्या तांब्याच्या एका चौरसाचा (तो कितीही मोठा असो) रोध सुमारे ०.५ मिलिओहम असतो. २ मिमी रुंद आणि २० मिमी लांब ट्रॅक म्हणजे असे १० चौरस, म्हणून १ अँपिअरला सुमारे ५ मिलिव्होल्टची घट होते. वरच्या थरावरचा रुंद ट्रॅक पुरेल.

प्लेन आहे म्हणून डीकपलिंग कॅपॅसिटरही (चिपजवळ पुरवठा स्थिर ठेवणारे) कमी करू नका. १.६ मिमी जाडीच्या नेहमीच्या बोर्डात आतल्या दोन थरांमध्ये १ मिमीच्या आसपास अंतर असते, त्यामुळे दर चौरस सेंटिमीटरला जेमतेम ४ पिकोफॅरड धारिता मिळते.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

आभारी आहे. झोन भरले गेले. आता फक्त एका चिपखाली, जिथे व्हाया १ मिमी अंतराने जाळीसारखे मांडले आहेत, तिथल्या मधल्या ३.३ व्होल्टच्या व्हायांच्या रेषा उरल्या आहेत.

उत्तर ३

व्हायाचा व्यास ०.६ मिमी आणि झोनचे अंतर ०.२५ मिमी असेल, तर प्रत्येक परक्या (दुसऱ्या नेटच्या) व्हायाभोवती झोनच्या तांब्यात १.१ मिमी व्यासाचे छिद्र पडते. व्हाया १ मिमीवर असल्याने ही छिद्रे एकमेकांत मिसळतात आणि मधला व्हाया तांब्यापासून तुटतो. व्हायांच्या गुणधर्मांत कडी (छिद्राभोवतीचे तांब्याचे वलय) फक्त जोडलेल्या थरांवर ठेवण्याचा पर्याय निवडा. मग व्हायाचे आतले छिद्र ०.३ मिमीचे असल्यास अंतर त्यापासून मोजले जाईल आणि दोन व्हायांमध्ये ०.२ मिमी तांबे उरेल. झोनची किमान रुंदीही ०.२ मिमी करा, अन्यथा ती पट्टी भरली जाणार नाही. दोन्ही आकडे बोर्ड बनवणाऱ्याच्या मर्यादेत बसतात का, हे आधी पाहा. एवढी बारीक पट्टी चालत नसेल, तर व्हायांची एखादी रांग बाजूला सरकवून प्रवाहासाठी वाट मोकळी करावी. ग्राउंडच्या थरावरही हीच जाळी उमटली असेल, तेव्हा तोही तपासा. तिथे रॅट्सनेस्टची रेषा दिसत नसली तरी लांब फट पडलेली असू शकते.