मदत हवी आहे: बाबांना एल-आर्जिनिन द्यावं का?

नमस्कार मंडळी. बाबा ६८ वर्षांचे, मधुमेह जुना. तीन महिन्यांपूर्वी हार्ट अटॅक येऊन अँजिओप्लास्टी झाली. परवा शेजारचे काका प्रेमाने एल-आर्जिनिन (एक अमिनो आम्ल) पावडरीचा डबा देऊन गेले. "यानं नायट्रिक ऑक्साइड वाढतं, नसा मोकळ्या होतात." बाबांनी लगेच पाण्यात एक चमचा ढवळलाही, मी पेला हातातून काढून घेतला. तेव्हापासून घरात अबोला आहे.

मी फिजिओलॉजी शिकले आहे, म्हणून थोडं कळतं. १९८० मध्ये रॉबर्ट फर्चगॉट या शास्त्रज्ञांनी दाखवलं की सशाच्या महाधमनीचं आतलं अस्तर खरवडलं तर असिटिलकोलिन (एरवी नस सैलावणारं रसायन) देऊनही ती सैलावत नाही. अस्तराकडून येणारा तो निरोप म्हणजेच नायट्रिक ऑक्साइड, आणि तो आर्जिनिनपासूनच बनतो. इथवर काकांचं बरोबर आहे. पण मधुमेहात बीएच४ हा मदतनीस रेणू कमी पडला की नायट्रिक ऑक्साइड बनवणारं एन्झाइमच सुपरऑक्साइड हा घातक रेणू सोडू लागतं आणि ते उरलंसुरलं नायट्रिक ऑक्साइडही संपवतं. चूलच बिघडलेली, मग लाकडं वाढवून काय होणार? शिवाय २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत हार्ट अटॅकनंतर आर्जिनिन दिलेल्यांपैकी ६ जण दगावले, दुसऱ्या गटात एकही नाही. ती चाचणी थांबवावी लागली.

डॉक्टरांची भेट गुरुवारी आहे, तोवर डबा माझ्या कपाटात. त्यांना नेमकं काय विचारू? बीट, पालकातूनही शरीराला नायट्रिक ऑक्साइड मिळतं; पण बाबांचं क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) थोडं वाढलेलं असताना ते रोज चालेल का? आणि काकांचं मन न दुखवता बाबांना हे कसं समजावू? कुणी अशातून गेलं असेल तर कृपया सांगा.