एचआयव्ही नसला तरी क्रिप्टोकॉकस होऊ शकतो

क्रिप्टोकॉकस या बुरशीच्या संसर्गाबद्दल (त्यातून मेंदूज्वरही होतो) 'हा आजार फक्त एचआयव्ही असणाऱ्यांना होतो' असं कुणीतरी लिहिलंय, ते पूर्ण खरं नाही. तिचा एक प्रकार, क्रिप्टोकॉकस निओफॉरमन्स, बहुतेकदा प्रतिकारशक्ती ढासळलेल्यांना गाठतो. त्यात अवयव प्रत्यारोपण झालेले, दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारेही आले. पण त्याचा भाऊबंद क्रिप्टोकॉकस गॅटी धडधाकट माणसालाही सोडत नाही. कॅनडातल्या व्हँकुव्हर बेटावर १९९९ पासून पसरलेल्या साथीत असे कितीतरी रुग्ण होते. ही बुरशी तिथल्या झाडांवर, मातीत सापडली.

आपल्याकडे मला खरी काळजी वाटते ती टीबीच्या मेंदूज्वराशी होणाऱ्या गल्लतीची. दोन्हींत आठवडेच्या आठवडे डोकं दुखतं, ताप येतो. पाठीतलं पाणी काळ्या शाईत मिसळून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, की बुरशीच्या पेशीभोवती स्वच्छ वलय दिसतं. ते दिसलं नाही म्हणून थांबू नका, क्रिप्टोकॉकल अँटिजेन चाचणीचा आग्रह धरा.