कन्याकुमारीची लांब सफर: समुद्र जाताना ठेवावा की येताना?

दक्षिणदिशा
पुणे–कन्याकुमारी–पुणे. डिसेंबरचा पहिला पंधरवडा, ११ दिवस, पेट्रोल हॅचबॅक, चौघे जण, त्यांतले दोघे चालवणारे. बहुतेक जण कोकण–गोवा–कारवार–केरळ असे किनाऱ्याने उतरतात आणि मदुराई–बंगळुरूवरून परततात. माझं स्पष्ट मत आहे की हे उलट करावं.

आपण डावीकडून गाडी चालवतो. पश्चिम किनाऱ्यावर उत्तरेकडे येताना समुद्रही डावीकडेच असतो, म्हणजे आवडलं तिथे इंडिकेटर दिला की कडेला थांबता येतं. दक्षिणेकडे जाताना तीच जागा उजवीकडे पडते. मग समोरची वाहतूक छेदा, नाहीतर दुभाजक असेल तर पुढच्या वळणापर्यंत जाऊन मागे या. कर्नाटकातल्या मरवंथेला एका बाजूला समुद्र नि दुसऱ्या बाजूला सौपर्णिका नदी आहे. तिथे उत्तरेकडे येणारी मार्गिकाच समुद्रालगतची.

आतला रस्ता पुणे–हुबळी–बंगळुरू–सेलम–मदुराई–कन्याकुमारी, सुमारे १५२० किमी. पहिला मुक्काम चित्रदुर्ग (६४० किमी), दुसरा मदुराई (६३५), तिसऱ्या दिवशी दुपारी कन्याकुमारी. नंतर वर्कला, कोची, कण्णूर, उडुपी, गोकर्ण, मालवण, गणपतीपुळे असे एकेक मुक्काम आणि अकराव्या दिवशी घर.

खाडीकाठ
पूर्ण असहमत. डाव्या बाजूचा मुद्दा कागदावर छान आहे, पण राष्ट्रीय महामार्ग ६६ वरून समुद्र दिसतो किती? महाड, चिपळूण, कणकवली ही सगळी गावं आत आहेत. केरळात रुंदीकरणानंतर बऱ्याच ठिकाणी मुख्य रस्ता भरावावर चढलाय, दोन्हीकडे भिंती, खाली सेवा रस्ता. तिथे डावं काय नि उजवं काय!

खरा प्रश्न ताकदीचा आहे. पहिले दोन दिवस थांब्यांसकट रोज ११-१२ तास चालवून दमलेल्या चालकांच्या हाती तुम्ही सगळ्यांत अवघड रस्ता देताय. आतला महामार्ग थकलेला माणूसही ताशी ७० च्या सरासरीने नीट पार करतो. केरळात सरासरी ३०-३५ वर येते, कारण गाव संपतच नाही आणि जिथे काम चालू आहे तिथे दर थोड्या अंतरावर सेवा रस्त्यावर उतरवतात. मे २०२५ मध्ये मलप्पुरम जिल्ह्यात कूरियाडला नव्या रस्त्याचा भराव खचला होता. कोची–कण्णूर २७५ किमी म्हणजे धरून चला नऊ तास. तुमच्या यादीत तो एक दिवस आहे आणि त्यात बघायला वेळ शून्य.

शिवाय उशीर झाला तर कापणार काय? कोकण. म्हणजे जे सगळ्यांत सुंदर, तेच.

तिसरा गिअर
मार्ग कुठलाही ठरवा, आतल्या रस्त्यावरच्या दोन जागा लक्षात असू द्या.

एक, बंगळुरू. तुमकूर रोडने शहरात शिरू नका. नाइस रोड (शहराला वळसा घालणारा टोल रस्ता) पकडून थेट होसूर रोडला इलेक्ट्रॉनिक सिटीपाशी निघा. सकाळी ८ ते ११ आणि संध्याकाळी ५ नंतर होसूर रोड टाळता येईल असा हिशेब करा. चित्रदुर्ग पहाटे चारला सोडलं तर शहर जागं व्हायच्या सुमाराला वळसा मारून होतो.

दोन, धर्मपुरी–सेलम दरम्यानचा तोप्पूर घाट. दक्षिणेकडे जाताना हा सलग उतार आहे. माल भरलेले ट्रक ब्रेक दाबत उतरतात, ब्रेक तापून निकामी होतात आणि पुढच्या गाडीवर आदळतात. चौघे आणि सामान असलेल्या हॅचबॅकने उताराच्या आधीच तिसरा गिअर टाकावा, इंजिनाने वेग धरावा, आणि दोन ट्रकांच्या मधे कधीही राहू नये. किनाऱ्याने जाऊन आतून परतणाऱ्यांना हाच घाट चढणीचा मिळतो. या एका कारणासाठी माझं मत खाडीकाठ यांच्या बाजूने.

ब्रेक ऑइल दोन वर्षांपेक्षा जुनं असेल तर निघण्यापूर्वी बदला. ते हवेतली ओल शोषतं, उकळण्याचं तापमान उतरतं आणि लांब उतारावर पेडल मऊ पडतं.

सूर्यफूल
दक्षिणेकडे जाताना हिवाळ्यात दिवसभर ऊन डोळ्यांवर येतं, हा मुद्दा कुणी मांडला नाही. येताना किनारा ठेवला तर सूर्य पाठीमागे.

दक्षिणदिशा
सूर्यफूल, माझ्या बाजूचा असला तरी हा मुद्दा टिकत नाही. डिसेंबरात भर दुपारी सूर्य पुण्याला क्षितिजापासून ४८ अंश आणि कन्याकुमारीला ५८ अंश वर असतो, तेव्हा गाडीचं छतच त्याला झाकतं. सकाळ-संध्याकाळी तो बाजूच्या काचेतून येतो, तुम्ही कुठल्याही दिशेला जा.

खाडीकाठ, "उशीर झाला तर कापणार काय" याचं उत्तर नकाशातच आहे. किनाऱ्याने वर येताना घरी निसटायला वाटा मिळत जातात: अंकोला–हुबळी, चोर्ला घाटाने बेळगाव, आंबोली, आंबा घाटाने कोल्हापूर, कुंभार्लीने कराड. जिथे दिवस संपतील तिथून वर चढा, पुणे एका दिवसात. किनाऱ्याने उतरलात आणि कोचीला दोन दिवस मागे पडलात, तर पालक्काड–सेलमने परता आणि कन्याकुमारी सोडा! ज्यासाठी निघालो तेच राहून जातं.

कोची–कण्णूरबद्दल मात्र तुमचं बरोबर. कोळीकोडला मुक्काम वाढवतो, वर्कला नि कोची यांतलं एक कमी करतो.

खाडीकाठ
निसटवाटांचा मुद्दा मान्य, तो भक्कम आहे. पण "जिथे दिवस संपतील तिथून वर चढा" म्हणजे कोकण सोडायला आधीच राजी होणं. मालवण–कुणकेश्वर–देवगड–विजयदुर्ग–जैतापूर–पूर्णगड–रत्नागिरी–आरेवारे–गणपतीपुळे हे जेमतेम २०० किमी आहे, पण ताशी ३० ने सात तास, आणि विजयदुर्ग किल्ल्याला दोन तास वेगळे. हा रस्ता दहाव्या दिवशी, घरची ओढ लागलेल्या माणसांनी करायचा नाही. त्याला सफरीची पहिली सकाळ द्यावी.

भरतीओहोटी
किनाऱ्याने उतरणाऱ्यांनी अलिबागपासून सुरुवात केली तर चार फेरीबोटी लागतात: आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेश्वी, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड. प्रत्येकीला थांबण्यासकट तासभर धरा. एका दिवसात दोनपेक्षा जास्त बसवू नका. जयगडच्या दक्षिणेला पूल आहेत, त्यामुळे दक्षिणदिशा यांच्या आराखड्यात एकही बोट नाही. त्यांच्या बाजूने हे मोठं वजन आहे, कारण बोटीची रांग आणि परतीची घाई यांचं जमत नाही.

भरलेली हॅचबॅक ओहोटीला बोटीच्या उतरंडीवर घासू शकते. चालक सोडून सगळ्यांनी आधी उतरावं, गाडी दोन-तीन सेंटिमीटर उचलली जाते. पहिल्या गिअरमध्ये, न थांबता चढवा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास ओहोटी जास्त खोल जाते. ओहोटीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे कालच्या वेळेवर आजचा बेत आखू नका.

मुळप्पिलंगाड (कण्णूरच्या दक्षिणेला) किनाऱ्यावर चार किमी गाडी चालवता येते. ओहोटीला, ओल्या पण न चकाकणाऱ्या घट्ट वाळूवरूनच न्या. चकाकते तिथे पाणी भरलेलं असतं. लाटेच्या रेषेत गाडी उभी केली की प्रत्येक लाट टायरखालची वाळू ओढून नेते आणि चाक बसतं. वरच्या कोरड्या वाळूत रुतलात तर रेस देऊ नका, हवा २० पीएसआयपर्यंत उतरवा, बाहेर पडल्यावर १२ व्होल्टच्या पंपाने भरा. त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने गाडी खालून धुवा, विशेषतः चाकांच्या कमानी आणि ब्रेक.

तिसरा गिअर
पेट्रोलवाल्यांसाठी: केरळच्या किनाऱ्यावरचं माहे पुदुच्चेरीत मोडतं, तिथे इंधन केरळपेक्षा स्वस्त. पण मार्च २०२४ मध्ये सुरू झालेला तलश्शेरी–माहे बाह्यवळण मार्ग गावाबाहेरूनच नेतो. टाकी भरायची तर अळियूरला जुन्या रस्त्यावर उतरा. उत्तरेकडे येत असाल तर हा बाह्यवळण मार्ग थेट मुळप्पिलंगाडलाच सोडतो.

खाडीकाठ
दक्षिणदिशा, उलटाच बेत पक्का असेल तर निदान चित्रदुर्ग–मदुराई दोन तुकड्यांत करा आणि रात्र सेलमला काढा. कन्याकुमारीला चौथ्या दिवशी सकाळी नको, तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचा. शबरीमलाच्या हंगामातली गर्दी तिथेही येते, विवेकानंद स्मारकाच्या बोटीची रांग सकाळी लवकरच धरावी लागते. तारखा पुढे ढकलल्या तर मात्र नाताळच्या गर्दीआधी, २३ डिसेंबरच्या आत, गोव्यातून बाहेर पडा, दिशा कुठलीही असो.