लेस शाल, श्रग आणि आपली दमट हवा

वर कुणीतरी विचारलंय, कोकणात बसून शाली विणता, पण घालता कधी? प्रश्न रास्त आहे. म्हणून माझे श्रग (पुढून उघडी, जाकिटासारखी घालायची विणलेली वस्त्रं) सगळे सुती धाग्याचे: शेंदरी, मोरपिशी, हळदी, उरलेले गुंडे संपवायला पट्ट्यापट्ट्यांचे. सुती श्रग वजनाने खाली ओघळतो, तेव्हा लांबी दोन बोटं कमीच धरा.

लेस शाल, म्हणजे जाळीदार विणीची, मात्र लोकरीचीच, पुण्याच्या बहिणीसाठी. स्कॉटलंडमधल्या शेटलंड बेटांच्या आणि रशियातल्या ओरेनबर्गच्या शाली म्हणे अंगठीतून आरपार जातात. माझी बांगडीतून गेली तरी पुरे!

जाळी उघडत नाही, चुरगळलेली दिसते, असं ज्या ताई म्हणाल्या त्यांनी घाबरू नये. सुईवरून उतरलेली लेस तशीच दिसते. कोमट पाण्यात भिजवा, न पिळता टॉवेलात गुंडाळून दाबा, मग गादीवर ताणून टाचण्या लावा आणि पूर्ण सुकेपर्यंत हात लावू नका. इथेच आपली हवा आडवी येते. आषाढात ती सुकता सुकत नाही, वर कुबट वास. मी हे काम सरळ दिवाळीनंतर काढते. टाचण्या स्टीलच्याच घ्या, साध्या टाचण्यांचा गंज फिक्या रंगावर उतरला की निघत नाही.

धागा अ‍ॅक्रिलिक (कृत्रिम लोकर) असेल तर नुसतं भिजवून ताणलेलं टिकत नाही. त्याला लांबून वाफ द्यायची, इस्त्री टेकवायची नाही.

बाकी नक्षीचा फोटो टाका, टाके मोजून सांगते.